प्रश्न कुणाचा आणि मोजणी कुणाची?

समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘सामाजिक समस्या’ नावाचा एक धडा असतो. बी.ए.ची पोरं तो पाठ करतात. समाजातल्या पुष्कळ लोकांना जी परिस्थिती वाईट वाटते, आणि एकत्र प्रयत्न केला तर ती बदलता येईल असंही वाटतं, तिला सामाजिक समस्या म्हणायचं. व्याख्या सुटसुटीत आहे. परीक्षेत पाच मार्क मिळवून देते. पण गावकुसाबाहेर उभं राहून वाचली की पहिल्याच शब्दाला ठेच लागते. पुष्कळ लोक म्हंजे कोण?

गावातल्या शंभर घरांपैकी नव्वद घरांना महारवाड्याची विहीर वेगळी असण्यात काही वाईट वाटत नव्हतं. उरलेल्या दहा घरांना ते रोज वाटत होतं. ‘पुष्कळ’ या शब्दाच्या हिशेबानं मग ती समस्या ठरतच नव्हती. ती रीत होती. या व्याख्येनं चालायचं तर अस्पृश्यता शेकडो वर्षं चालू राहिली आणि तरीही ती ‘समस्या’ नव्हती असं म्हणावं लागेल. ती समस्या झाली ती आमच्या माणसांनी तोंड उघडल्यावर.

शास्त्रज्ञांच्यातही ही खोच काहींनी ओळखली. हर्बर्ट ब्लूमर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७१ साली मांडलं, की समस्या ही रोगासारखी समाजाच्या अंगात आपोआप नसते. आधी कुणीतरी तक्रार करावी लागते. मग त्या तक्रारीला मान्यता मिळावी लागते, मग त्यावर चळवळ-खटपट, मग सरकारी योजना, आणि शेवटी अंमलबजावणी. या वाटेवर पुष्कळ तक्रारी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच मरतात. स्पेक्टर आणि कित्सुसे यांनी १९७७ साली हाच धागा पुढं नेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दुःख किती मोठं हे बघण्याआधी मागणी कोण करतं आणि कोण ऐकून घेतं ते बघा.

हे अमेरिकेतलं ज्ञान आपल्या मातीत घासून बघायचं तर पुणे जिल्ह्यातले इंदापूर आणि बारामती हे दोन तालुके घेऊ. का, तर सरकारनं आणि विद्वानांनी या दोन तालुक्यांइतकी मोजणी फार थोड्या मुलखाची केली असेल. इथं जवळपास दोनशे वर्षं कुणी ना कुणी वही-पेन्सिल घेऊन फिरतोय. तेव्हा कुठला प्रश्न लिहिला गेला आणि कुठला राहिला, हे इथं नीट दिसतं.

१. साखळी आणि शीव

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. जमीन किती, पिकतं किती, त्यातलं सरकारनं घ्यायचं किती? १८३० च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं पुणे भागात मोजणी केली. त्याच्या डोक्यात रिकार्डो या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धान्त होता. पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल ते नक्त उत्पन्न, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा सरकारचा. कागदावर हिशेब चोख होता. पण खालच्या कारकुनांनी आकडे वाट्टेल तसे भरले, भाव पडले, पाऊस गेला. इंदापूर तालुक्यात रयतेनं जमिनी टाकल्या, गावं ओस पडली.

मग गोल्डस्मिड हा अधिकारी आला, त्याच्या जोडीला विंगेट हा इंजिनिअर. १८३६ साली त्यांनी इंदापुरात नवा सारा लावला, तीस वर्षांसाठी. सिद्धान्त बाजूला ठेवला. मातीचा रंग आणि खोली बघून जमिनीचे वर्ग पाडले, आण्यांच्या हिशेबात त्यांची प्रत ठरवली. हीच रीत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आजचा सर्व्हे नंबर तिच्याच पोटातला. म्हंजे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची नाळ इंदापूरच्या माळावर पुरलेली आहे.

या मोजणीत आमचा माणूस कुठं होता? शिवेवर होता. गावाची शीव कुठून कुठं जाते हे महाराला ठाऊक, आणि शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मानायची ही जुनी चाल. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची त्यालाच गावाच्या हद्दीत घर नव्हतं. साहेबांनी मातीच्या प्रती लावल्या. माणसांच्या प्रती आधीच लागलेल्या होत्या, आणि त्या चुकीच्या आहेत का हे तपासणं साहेबांच्या कामात बसत नव्हतं. सरकारचा प्रश्न सारा वसूल होत नाही हा होता. तेवढंच मोजलं गेलं.

इथं पहिला धडा घ्या. प्रश्न जो विचारतो त्याच्या गरजेपुरतंच उत्तर मिळतं. मोजणी खोटी असते असं मी म्हणत नाही. ती अर्धी असते, आणि अर्ध्याला पूर्ण म्हणून चालवलं जातं.

२. सुप्याची होळी

तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून इंदापुरात फेरमोजणी झाली आणि सारा वाढवला गेला. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं, १८६१ ते १८६५, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र उरलं. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीनच वर्षं चालायचा. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. कुळाला वाचता येत नव्हतं. तो अंगठा उठवायचा.

१२ मे १८७५ रोजी सुपे इथं, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना वह्या आणि रोखे हवे होते. ते ओढून काढले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली. माणसं मारण्यावर त्यांचा भर नव्हता. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली.

सरकार हादरलं. १८५७ ची आठवण अजून ताजी होती. ताबडतोब आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ साली विलायतेच्या पार्लमेंटपुढं गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार काय होता हे कोर्टाला तपासता येऊ लागलं. होळीपासून कायद्यापर्यंत चार वर्षं लागली. ही चार वर्षं लक्षात ठेवा. पुढं हिशेबाला लागतील.

आता ‘कारण’ कसं ठरतं ते बघा. आयोगानं मुख्य बोट दाखवलं ते सावकारी आणि कोर्टकचेरीकडं. सरकारी साऱ्याला त्यानं मूळ कारण मानलं नाही. आयोगातल्याच ऑकलंड कॉल्विननं वेगळी टिपणी लिहून साऱ्याचा दोष दाखवला. पुण्याची सार्वजनिक सभा त्याआधीपासून साऱ्याबद्दलच ओरडत होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांनी सावकाराच्याही मागं जाऊन कुलकर्णी, कचेरीतला भट कामगार, धर्माच्या नावानं चालणारी लूट आणि शेतकऱ्याचं अज्ञान ही सगळी साखळी एकत्र मांडली. पुढं विसाव्या शतकात रविंदर कुमार यांनी जुना गाव मोडून पडल्याचं कारण दिलं. १९७२ साली नील चार्ल्सवर्थ म्हणाले की या दंग्यांचा बाऊच जास्त झाला. १९७७ साली जयरस बनाजी यांनी भांडवलाच्या पकडीत सापडलेला लहान शेतकरी दाखवला.

एक घटना, आणि कारणं अर्धा डझन. म्हणून कुणी म्हणेल की सगळंच सापेक्ष आहे, ज्याला जे दिसतं ते खरं. तसं नाही. प्रत्येक कारणाबरोबर एक उपाय येतो आणि त्या उपायाचा भार कुणावर तरी पडतो. सावकार कारण ठरला की कायदा सावकारावर येतो. सारा कारण ठरला असता तर सरकारला स्वतःच्या तिजोरीत हात घालावा लागला असता. फुल्यांचं कारण मानलं असतं तर कचेऱ्यांतली जात बदलावी लागली असती. तेव्हा कुठलंही कारण वाचताना एवढं विचारावं, हे मान्य केलं तर बिल कुणाच्या नावानं फाटतं?

३. एक कायदा बांधणारा, एक सोडवणारा

सुप्याच्या होळीच्या आदल्या वर्षी, १८७४ साली, मुंबई सरकारनं आणखी एक कायदा केला होता, वंशपरंपरागत हुद्द्यांचा म्हंजे वतनाचा. पाटील-कुलकर्ण्यांसारखा महारही त्यात वतनदार. वतनदार! नाव मोठं आणि हाती हाडोळ्याचा तुकडा. त्या तुकड्यापायी सरकारचा टपाल-हुकूम पोचवणं, गावची राखण, आलेल्या अंमलदाराचं ओझं, जनावरं हाकणं, आणि हे कुठल्याही वेळेला. घरचा धनी नसला तर बापानं जावं, भावानं जावं. म्हंजे १८७४ च्या कायद्यानं महार बांधला गेला आणि १८७९ च्या कायद्यानं शेतकरी थोडा सैल झाला. पाच वर्षांच्या अंतरानं, त्याच मुलखात. ज्याचं कर्ज रोख्यावर होतं त्याला तो रोखा जाळता आला. ज्याचं कर्ज जन्मावर होतं त्यानं काय जाळायचं?

बाबासाहेबांचं मोठेपण इथं समजतं. ते पुढारी होते तसे समाजशास्त्रज्ञही होते, आणि प्रश्नाची व्याख्या बदलणं हे त्यांचं पहिलं काम होतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक तपासल्या आणि दाखवलं की जातीचा गाभा म्हंजे जातीबाहेर लग्न नाही. सती, विधवेची सक्ती, बालविवाह या ‘वाईट चाली’ म्हणून सुधारक वेगवेगळ्या मोजत होते. बाबासाहेबांनी त्या एकाच यंत्राचे सुटे भाग आहेत हे मांडलं. बाईवरचा जुलूम आणि जात हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. तेव्हा त्यांचं वय पंचवीस वर्षांचं होतं.

दोन वर्षांनी, १९१८ साली, त्यांनी लहान शेतीतुकड्यांवर लिहिलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली होती. १७७१ साली तिथं सरासरी खातं चाळीस एकरांचं होतं, १९१५ साली सातावर आलं. त्या काळच्या विद्वानांनी यावरून ठरवलं की तुकडे होणं हाच रोग आणि तुकडे जोडणं हाच उपाय. कुटुंबाचं पोट भरेल तेवढी जमीन म्हंजे किफायतशीर जमीन, ही त्यांची व्याख्या. बाबासाहेबांनी व्याख्येलाच हात घातला. जमीन किफायतशीर आहे का हे खाणाऱ्या तोंडांवरून ठरत नाही, तिच्यावर लागणारं भांडवल आणि श्रम यांच्या मेळावरून ठरतं. शेतीवर माणसं जास्त झालीत आणि ती रिकामी बसतात, म्हणून तुकडे पडतात. उपाय कारखानदारीत आहे. आकडे तेच होते. प्रश्न उलटा धरल्याबरोबर उत्तर बदललं.

१९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. पुढच्या वर्षी ते मागं घ्यावं लागलं. शेवटी खालच्या दर्जाची गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली आणि अंमलात आला १९५९ साली. बिलापासून कायद्यापर्यंत तीस वर्षं. शेतकऱ्याच्या रोख्याला चार, महाराच्या वतनाला तीस. आणि कायदा झाला तरी जमीन आपोआप आमची झाली नाही. ठरलेल्या मुदतीत कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरायची, तेव्हा ती नव्या शर्तीनं परत मिळणार. ज्याच्याकडं रोकड नव्हती त्याचं काय झालं, हे ज्या त्या गावच्या फेरफारात लिहिलेलं आहे. वाचायला कुणी जात नाही.

४. बावडा

आता बहिष्कार घ्या. आमच्या लोकांना हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. गिरणीत दळण बंद, दुकानात मीठ-मिरची बंद, रानात काम बंद, वाट बंद. हात न उचलता माणूस मारायची ही रीत आहे.

१९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट नावाचे अंमलदार, सभासदांत बाबासाहेब. १९३० च्या अहवालात समितीनं स्पष्ट लिहिलं, की अस्पृश्य पोटासाठी सवर्णांवर अवलंबून आहेत आणि त्यांनी हक्क बजावला की बहिष्काराचं हत्यार उपसलं जातं. त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढं बाबासाहेबांनी मागणी ठेवली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. ब्रह्मदेशात १९२२ साली बहिष्काराविरुद्ध कायदा झाला होता, त्याच्या धर्तीवर त्यांनी व्याख्या लिहून दिली. काम नाकारणं, व्यवहार नाकारणं, घर-जमीन न देणं, नेहमीचे संबंध तोडणं, सगळं कलमवार. म्हंजे १९३० साली प्रश्न सांगून झाला, पाहणी झाली, व्याख्या झाली, उपायही कागदावर आला. आणखी काय पाहिजे होतं?

पाहिजे होतं ते ऐकणारं सरकार. स्वातंत्र्य आलं, घटना आली, १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपली असं लिहिलं गेलं. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात बहिष्काराचा उल्लेख एका पोटकलमात आला. आणि १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्याच बावडा गावात दलितांवर गावानं बहिष्कार टाकला. गोल्डस्मिड-विंगेटनं जिथं नवा सारा प्रथम लावला तोच हा तालुका. साल दुष्काळाचं. आधीच रानात काम नाही, त्यात गावानं तोंड फिरवलेलं. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दोन दलित बायांची विटंबना झाली. एळयापेरुमाळ समितीचा अहवाल त्याआधीच देशभरच्या अत्याचारांची यादी घेऊन दिल्लीत पडला होता.

अहवाल पडला होता, बावडा पेटलं होतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि चाळींत राहणाऱ्या दलित तरुण लेखकांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या. सरकारला जाब विचारला. त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली. पँथरचा जन्म सांगताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव सगळे घेतात. घ्यावंच. पण त्या जन्माची एक कळ इंदापूर तालुक्यातली आहे, हे आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे.

ब्लूमरची शिडी इथं लावून बघा. १९३० ला पहिली पायरी चढून झाली होती. मान्यता मिळायला बावडा लागलं, पँथर लागली, मोर्चे आणि लाठ्या लागल्या. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, त्यातही बहिष्कार हा वेगळा गुन्हा म्हणून नव्हता. तो आला २०१५ च्या दुरुस्तीनं, आणि ती दुरुस्ती लागू झाली २६ जानेवारी २०१६ ला. महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा त्याच सुमाराचा, आणि तोही मुख्यतः जातपंचायतींच्या जाचावरून झालेला. १९३० ते २०१६ म्हंजे शहाऐंशी वर्षं होतात. सुप्याच्या रोख्याला चार वर्षं.

सुप्याच्या शेतकऱ्याचं दुःख लहान होतं असं यातून कुणी काढू नये. त्याची होळी न्यायाची होती. पण तो सारा भरत होता. तो बसला की सरकारची तिजोरी बसत होती, म्हणून त्याचा प्रश्न सरकारला स्वतःचा वाटला. आमच्या उपाशी राहण्यानं कुणाची तिजोरी अडत नव्हती. एखाद्या दुःखाला ‘समस्या’ व्हायला किती वर्षं लागतात, ते दुःखाच्या वजनावर कमी आणि दुःखी माणसाच्या जागेवर जास्त ठरतं. मला या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

५. व्याख्या बदलली की आकडा बदलतो

दुष्काळाचंच घ्या. गावात दुष्काळ आहे की नाही हे पुष्कळ वर्षं आणेवारीवर ठरायचं, पुढं तिची पैसेवारी झाली. पीक पन्नास पैशांच्या खाली आलं तर टंचाई. पण आणेवारी पिकाची असते. ज्याला शेतच नाही त्याच्या पोटाची आणेवारी कोण काढणार? १९७२-७३ ला हे मजूर स्वतःच दुष्काळी कामांवर लोटले. राज्यभर एका वेळी जवळपास पन्नास लाख माणसं खडी फोडायला आली. तेव्हा कुठं भूमिहीन मजूर सरकारला दिसला, कारण त्याचं नाव मस्टरवर चढलं. रोजगार हमीचा कायदा त्यातून निघाला, १९७७ चा, लागू १९७९ पासून.

पाण्याचंही तेच. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला, १८८५ पासून पाणी वाहू लागलं. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस आला, वालचंदनगर उभं राहिलं, मग सहकारी कारखाने. डोनाल्ड ॲटवूड या मानववंशशास्त्रज्ञानं नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावाची जुनी जमीन-दप्तरं तपासून १९७९ साली लिहिलं, की इथं काही गरीब वर चढले आणि काही मोठे खाली आले. अभ्यास कष्टाचा आहे, आणि गरीब कायम गरीबच होत जातो या ठोकळ्याला तो धक्का देतो. आपण त्यापुढं एक प्रश्न जोडू. चढले त्यांत महारवाडा-मांगवाड्यातले किती? आणि ऊस तोडायला दरवर्षी बीड-नगरकडून कोयता घेऊन येणारी जोडपी या गावाच्या हिशेबात धरायची की त्यांच्या? पालात राहून चार-सहा महिने इथं राबणारा माणूस कुठल्याच गावाच्या पाहणीत नीट बसत नाही.

खानेसुमारी बघा. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जाती सात टक्क्यांच्या आसपास होत्या. १९९१ साली त्या अकरा टक्क्यांच्या वर गेल्या. दहा वर्षांत आमची लोकसंख्या काय बेडकासारखी वाढली? १९५६ ला धम्म घेतलेली माणसं केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीत धरली जात नव्हती. १९९० साली कायदा बदलला आणि ती धरली जाऊ लागली. माणसं तीच होती, वस्तीही तीच. रकाना बदलला. चौतीस वर्षं लाखो लोक त्या रकान्याबाहेर होते, आणि त्या आकड्यांवर योजना आखल्या जात होत्या.

पारध्यांची गोष्ट याहून कडू. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. त्यानं माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला. बहिष्काराची पाहणी करणारे स्टार्टसाहेब स्वतः याच गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अंमलदार होते. आमच्याबाबत ज्या सरकारनं पाहणी केली त्याच सरकारनं पारध्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. १९५२ साली तो कायदा गेला. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली मांडलं की गुन्हेगारपण कृत्यात जेवढं असतं त्याहून शिक्का मारणाऱ्याच्या हातात असतं. शिक्का कागदावरून गेला तरी पोलिसाच्या डोळ्यातून जात नाही. १९९८ साली बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. कायदा रद्द होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षं झाली होती.

६. पाहणारा कुठं उतरतो

आता शेवटचा मुद्दा, अभ्यासाच्या रीतीचा. शहरातून पाहणीवाला येतो. फॉर्म छापील असतो. तो उतरतो कुठं? पाटलाच्या वाड्यावर, नाहीतर ग्रामपंचायतीत. चहा कुणाचा पितो? माहिती कोण देतो? ‘आमच्या गावात तसलं काय न्हाई बगा, समदे गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात’, हे वाक्य ज्याच्या तोंडचं त्याच्याच ओसरीवर तो बसलेला असतो. मग तो वस्तीवर येतो. सोबत गावातला एक माणूस वाट दाखवायला असतो. त्या माणसाच्या देखत आमची म्हातारी काय सांगणार? ‘बरं हाय बाबा समदं.’ फॉर्मवर ‘तक्रार नाही’ अशी खूण पडते.

एम. एन. श्रीनिवास हे देशातले नामवंत समाजशास्त्रज्ञ. म्हैसूरकडच्या एका गावावरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली आलं. आपण गावाकडं वरच्या जातीच्या नजरेनं पाहिलं हे त्यांनी त्यात मान्य केलं आहे. मान्य केलं, हे चांगलंच. पण बाकीच्यांनी तेही केलेलं नाही, आणि त्यांच्याच पुस्तकांवर आमची पोरं परीक्षा देतात.

म्हणून नुसतं ‘प्रस्थापितांचं समाजशास्त्र खोटं’ म्हणून हात झटकणं परवडणार नाही. मोजणी आम्हाला पाहिजे. आकडा आम्हाला पाहिजे. बाबासाहेबांनी पिंपळे सौदागरचे आकडे फेकून दिले नाहीत, त्यांनाच वेगळा प्रश्न विचारला. तेवढी शिस्त आपल्या अंगी पाहिजे. शिव्या द्यायला दम लागत नाही, तलाठ्याच्या दप्तरापुढं चार तास बसायला लागतो.

तर बारामती-इंदापूरच्या, आणि कुठल्याही गावच्या वाचकांना सांगणं आहे. आपल्या गावची पाहणी आपण करू. पाच प्रश्न पुरे. एक, गावात महार वतनाची जमीन किती होती, १९५९ नंतर कितीची रक्कम भरली गेली, आणि आज सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे. दोन, कालव्याच्या पाण्याची पाळी वस्तीतल्या किती खातेदारांना मिळते. तीन, मसणवटा कुणाचा कुठं आहे आणि तिथं जायला वाट आहे का. चार, १९७२ च्या आगंमागं गावात बहिष्कार पडला असेल तर तो भोगलेली माणसं अजून कोण आहेत. पाच, ऊसतोडीच्या पालांवर कोण येतं, कुठून, आणि त्यांची पोरं शाळेत जातात का.

चौथा प्रश्न आधी घ्या. १९७२ साली जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत उतरवून घ्या, सुधारून लिहू नका. साल आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाच्या आधी की नंतर असं विचारा, साल आपोआप निघतं. माणसाला नाव छापायचं नसेल तर छापू नका, पण गाव आणि तालुका लिहा. जुनी सनद, फेरफाराची नक्कल, वतनाची पावती ज्यांच्या पेटीत असेल त्यांनी मूळ कागद कुणाला देऊ नये, नक्कल काढून पाठवावी. अर्धं पान आलं तरी अंकात जागा देऊ.